पहिली क्रूझ सहल ठरवताना: माहितीपत्रक शेवटच्या पानापासून वाचा

क्रूझच्या माहितीपत्रकात पोहण्याचे तलाव, रोषणाई आणि पदार्थांनी भरलेली टेबले पहिल्याच पानावर असतात, तर पैसे परत मिळण्याच्या अटी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. नवख्या प्रवाशाने हे पत्रक शेवटून वाचायला घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानाचे तिकीट रद्द केले तर केवळ प्रवासाचे पैसे बुडतात. क्रूझ रद्द केली तर प्रवास, निवास, जेवण आणि करमणूक यांसाठी कित्येक महिने आधी एकरकमी भरलेली सगळी रक्कम एकाच कलमावर टांगलेली असते. त्यामुळे पुढील क्रमात रद्दीकरणाला मुद्दाम पुढचे स्थान दिले आहे.

पहिली पायरी: समुद्र आणि महिना

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचा इतिहास खंडित आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई आणि गोवा यांदरम्यान ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९ मध्ये ‘कर्णिका’ हे मोठे जहाज आले. मात्र कोरोनाच्या काळात तिची कंपनी बंद पडली आणि २०२० अखेर जहाज अलंगच्या भंगार किनाऱ्याला लागले. सप्टेंबर २०२१ पासून ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि कोची या बाजूंना जाऊ लागली. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे. इंटरनेटवर अडीच लाख टनांच्या नव्या अमेरिकी जहाजांची चित्रफीत पाहून जो येथे चढेल, त्याची निराशा होण्याचा संभव आहे. पण दोन-तीन रात्रींत आपल्याला समुद्र मानवतो की नाही, हे पाहण्यासाठी अशी छोटी सफर पुरेशी असते.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा काळ वगळावा. कोकणच्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत, त्यामागचे कारण आजही तेच आहे. कॅरिबियन समुद्रात जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि त्या महिन्यांतली स्वस्त भाडी त्याच कारणाने स्वस्त असतात. अलास्काचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर एवढाच असतो. भूमध्य समुद्रातली जुलै-ऑगस्टची उन्हे मुलांच्या शाळांच्या दृष्टीने नव्हे, तर ज्येष्ठांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने पारखावीत, कारण तिथली बहुतेक जुनी शहरे पायीच पाहावी लागतात.

दुसरी पायरी: रद्दीकरणाचे पान

जवळपास सर्व कंपन्यांची पद्धत उतरत्या परताव्याची असते. निघण्याचा दिवस जसजसा जवळ येतो, तसतशी कापली जाणारी रक्कम वाढत जाते आणि शेवटच्या टप्प्यात परतावा शून्यावर येतो. मोठ्या अमेरिकी कंपन्यांमध्ये उर्वरित रक्कम भरण्याची मुदत बहुधा निघण्याच्या ७५ ते ९० दिवस आधी असते. त्या तारखेपर्यंत माघार घेतल्यास फार तर अनामत जाते, त्यानंतर मात्र टक्क्यांची शिडी सुरू होते. ही तारीख आरक्षणाच्या दिवशीच घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, कारण कंपनीने ईमेलने आठवण करून दिलीच तरी ती पैसे भरण्याची असते, माघारीची मुभा संपत असल्याची नसते.

समजा, चार जणांच्या कुटुंबाने दोन लाख रुपयांची सफर घेतली असून अटींनुसार ३० दिवसांपूर्वी रद्द केल्यास २५ टक्के, ३० ते १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास ५० टक्के आणि त्यानंतर पूर्ण रक्कम कापली जाते. मुलीच्या परीक्षेचे वेळापत्रक बदलल्याचे ३१ दिवस आधी कळले आणि घरात ‘बघू, दोन दिवस थांबू’ असे ठरले, तर त्या दोन दिवसांची किंमत पन्नास हजार रुपये होते. शिवाय हे दिवस कोणत्या घड्याळाने मोजले जातात, हेही महत्त्वाचे आहे. सूचना कंपनीच्या कार्यालयीन वेळेत आणि लेखी पोहोचली तरच ती त्या दिवसाची धरली जाते, अशी अट अनेक ठिकाणी आढळते. शनिवारी रात्री एजंटला केलेला फोन या हिशेबात सोमवारचा ठरू शकतो.

अनामत परत मिळणारी आहे की न मिळणारी, हे भाडे निवडतानाच ठरते. दोन्ही भाड्यांत फरक थोडाच असेल आणि सफर सहा महिने लांब असेल, तर महागडे पण परतावायोग्य भाडे घेणे शहाणपणाचे असते. पंधरा दिवसांत निघायचे असेल, तर त्या सवलतीला फारसा अर्थ उरत नाही. काही कंपन्या रोख परताव्याऐवजी पुढच्या सफरीसाठी जमा रक्कम देतात. तिला मुदत असते, ती दुसऱ्याच्या नावावर करता येतेच असे नाही आणि कंपनी बुडाली तर तिचे मूल्य कागदाएवढेच राहते. निवड करण्याची मुभा असेल, तर रोख परतावा मागावा.

रद्द केल्यानंतर बंदर शुल्क आणि सरकारी कर यांचे काय होते, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. प्रवासच झाला नाही तर ही रक्कम बहुतेक कंपन्या परत करतात, मग भाडे पूर्ण बुडालेले असले तरीही. मात्र ती अनेकदा मागावी लागते. परदेशी पॅकेजवर भारतात टीसीएस कापला जातो. तो खर्च नसून आगाऊ वसूल केलेला कर असतो आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. सफर रद्द झाली तर ती रक्कम एजंट परत देणार की आपण विवरणपत्रातून मिळवायची, हे लेखी घ्यावे.

आणखी एक खाच दोघांच्या केबिनमध्ये असते. क्रूझचे भाडे दोन माणसांच्या हिशेबाने लावलेले असते. त्यांतल्या एकानेच माघार घेतली, तर मागे राहणाऱ्याला एकट्याच्या वापराचा अधिभार लागू शकतो आणि तो कधी कधी दुसऱ्या भाड्याइतकाच असतो. दोन मैत्रिणी किंवा दोन व्याही-विहिणी एकत्र जात असतील, तर ही अट आधीच वाचून आपसांत बोलून घेतलेली बरी, नाहीतर समुद्रापेक्षा नाते जास्त खवळते. नाव बदलण्याची सोय, तिची मुदत आणि शुल्क यांचीही याच वेळी चौकशी करावी.

कंपनीनेच सफर रद्द केली तर परिस्थिती वेगळी असते. अमेरिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या जहाजांबाबत तिथल्या फेडरल मेरिटाइम कमिशन या सरकारी सागरी नियामक संस्थेचा नियम २०२२ पासून असा आहे की, कंपनीने सफर रद्द केली किंवा जहाजावर चढण्याचा दिवस तीन वा अधिक दिवसांनी पुढे ढकलला आणि प्रवाशाने जायचे नाकारले, तर त्याला परतावा मागता येतो. मात्र मार्गातले एखादे बंदर हवामानामुळे गाळले, तर जवळपास कोणतीच कंपनी नुकसानभरपाई देत नाही. त्या बंदराचे शुल्क आणि कंपनीकडून घेतलेली तिथली सहल एवढेच परत मिळते. लक्षद्वीपला हे विशेष लक्षात ठेवावे. तिथल्या उथळ खाजणात मोठे जहाज शिरू शकत नाही, ते बाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांनी बेटावर नेले जाते. लाटा वाढल्या की होड्या थांबतात आणि बेट डेकवरूनच पाहावे लागते.

एजंटमार्फत आरक्षण केल्यास रद्दीकरणाची शुल्के दोन असू शकतात, एक कंपनीचे आणि दुसरे एजंटचे. दोन्हींचे तक्ते मागून घ्यावेत. पैसे भरल्यावर कंपनीचा स्वतःचा आरक्षण क्रमांक मागावा आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आपली नावे तिथे दिसतात का, हे पाहावे. केवळ एजंटच्या पावतीवर समाधान मानू नये. वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. सांगलीच्या प्रवाशाला त्यासाठी मुंबईच्या कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

तिसरी पायरी: केबिन

खिडकी नसलेली आतली केबिन, खिडकीची केबिन, सज्जाची केबिन आणि स्वीट असे चार प्रकार असतात. ज्याला बोट लागते, त्याने जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. वरच्या डेकवरचा महागडा सज्जा अशा माणसाला शिक्षाच ठरतो. ‘गॅरंटी’ या नावाने मिळणाऱ्या स्वस्त भाड्यात केबिनचा प्रकार निश्चित असतो, पण क्रमांक कंपनी ठरवते. लहान मुले किंवा आजी-आजोबा बरोबर असतील आणि केबिन शेजारी-शेजारी हव्या असतील, तर हे भाडे टाळावे.

चौथी पायरी: कागदपत्रे

देशांतर्गत सफरीसाठी सरकारमान्य ओळखपत्र लागते. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवानाही लागतो. तो बहुधा कंपनीच काढते, परंतु त्यासाठीची माहिती आपण वेळेत द्यावी लागते. परदेशी सफरीत मात्र एक नियम पाठच करावा: जहाज ज्या देशांना लागते त्या प्रत्येकाचा विचार करायचा आणि आपण एकदा बाहेर पडून परत ज्या देशात येणार, त्याच्या व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, हे पाहायचे. बार्सिलोनाहून निघालेले जहाज शेंगेन क्षेत्राबाहेरच्या, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांबाहेरच्या, बंदराला लागून परतणार असेल, तर एकाच प्रवेशाचा व्हिसा अपुरा पडतो. सिंगापूरहून पेनांग किंवा फुकेतला जाऊन परतणाऱ्यांनाही हाच हिशेब करावा लागतो.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या अनेक मराठी आई-वडिलांना अलास्काची सफर घडवली जाते, आणि कागदांचा सर्वांत मोठा घोळ होण्याचा संभव तिथेच असतो. सिअ‍ॅटलहून निघणारी आणि तिथेच परतणारी मोठी जहाजे परदेशी ध्वजाची असतात. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे त्यांना वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या ठिकाणी थांबतात, मग तो थांबा संध्याकाळच्या काही तासांचा का असेना. याचा अर्थ असा की भारतीय पासपोर्टधारकाने कॅनडाच्या व्हिसाचा आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेशाचा असा दोन्ही विचार तिकिटाआधी करायला हवा. अमेरिकी नागरिकांना अशा फेऱ्यांवर मिळणाऱ्या सवलती आपल्याला लागू नसतात. मुलाच्या स्वतःच्या पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, तर त्याने आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. व्हिसा नसल्याने जहाजावर घेतले नाही, तर ती प्रवाशाची गैरहजेरी धरली जाते आणि गैरहजेरीला परतावा नसतो.

गर्भवतींना साधारण २४ आठवड्यांपुढे आणि सहा महिन्यांपेक्षा लहान बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. लांबच्या समुद्रसफरींत बाळाच्या वयाची अट एक वर्षाची असते.

पाचवी पायरी: विमा

विमा आरक्षणापाठोपाठ घ्यावा, निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, कारण रद्दीकरणाचे संरक्षण पॉलिसी सुरू झाल्यापासूनच मिळते. पॉलिसीत क्रूझचा स्पष्ट उल्लेख आहे का, जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च किती मर्यादेपर्यंत दिला जातो, आधीपासूनचा मधुमेह किंवा रक्तदाब त्यात धरला आहे का आणि व्हिसा नाकारला गेल्यास भरपाई मिळते का, हे चार प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा नकारार्थी असते. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल प्रवाशाच्या खात्यावर पडते आणि ते आधी भरून नंतर विमा कंपनीकडे मागावे लागते.

सहावी पायरी: विषयप्रधान सफरी

पहिली सफर पचली की माणसाला वेगळे काहीतरी हवेसे वाटते आणि जगात त्याची वाण नाही. फ्लोरिडाहून निघणाऱ्या ‘७०००० टन्स ऑफ मेटल’ या सफरीत २०११ पासून हेवी मेटल संगीताची पथके डेकवर वाजवतात आणि चाहते त्यांच्याच रांगेत नाश्त्याला उभे असतात. विणकाम करणाऱ्यांच्या, ब्रिज खेळणाऱ्यांच्या, जुन्या दूरदर्शन मालिकांच्या चाहत्यांच्या सफरी असतात. एप्रिल २०१२ मध्ये ‘बालमोरल’ हे जहाज साउथॅम्प्टनहून टायटॅनिकच्या मार्गाने, मूळ जहाजावर जितके प्रवासी होते तितके, म्हणजे १,३०९ प्रवासी घेऊन निघाले. वाटेत एक जण आजारी पडल्याने त्याला हेलिकॉप्टरने उतरवण्यासाठी जहाजाला पुन्हा आयर्लंडच्या दिशेने वळावे लागले. वैद्यकीय विम्याची गरज याहून ठळकपणे सांगता येणार नाही.

सूर्यग्रहणाच्या सफरींना माझे झुकते माप आहे, कारण तिथे जहाजाचा खरा उपयोग होतो. जमिनीवरचा निरीक्षक ढगांपुढे हतबल असतो, तर कप्तान ग्रहणपट्ट्याच्या आत मोकळ्या आकाशाकडे जहाज वळवू शकतो. १२ ऑगस्ट २०२६ चे खग्रास ग्रहण आइसलँड आणि स्पेनच्या परिसरात, तर २ ऑगस्ट २०२७ चे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत आणि उत्तर आफ्रिकेवर आहे. नॉर्वेत १८९३ मध्ये सुरू झालेली आणि आता बेर्गेन व किर्केनेस यांदरम्यान चालणारी ‘हुर्टिग्रुटेन’ची किनारी सेवा ३४ बंदरांना लागते. तिच्या ठरावीक लांब हिवाळी फेऱ्यांत ध्रुवीय प्रकाश दिसलाच नाही, तर दुसरी लहान फेरी मोफत देण्याची योजना आहे. विमानभाडे अर्थातच आपले. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांनी जहाज जितके लहान तितके बरे हे लक्षात ठेवावे. ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजांतून तिथे कोणालाच उतरवले जात नाही आणि एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसे किनाऱ्यावर राहू शकत नाहीत. मोठे जहाज स्वस्त पडते, पण पेंग्विन दुर्बिणीतून पाहावे लागतात.

नदीची हौस असणाऱ्यांसाठी १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेल्या ‘गंगा विलास’चे उदाहरण आहे: बांगलादेशमार्गे दिब्रुगडपर्यंत ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर आणि अवघ्या ३६ प्रवाशांची सोय. नदीच्या सफरीचा धोका वादळाचा नसून पाण्याच्या पातळीचा असतो. ऱ्हाइन नदीचे पाणी २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत इतके उतरले की जहाजांची वाहतूकच अडखळली. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे नेण्याचा अधिकार कंपन्यांनी अटींत राखून ठेवलेला असतो.

विषयप्रधान सफरीत पैशांच्या दृष्टीने एक मूलभूत फरक आहे. अनेकदा कोणी संयोजक संपूर्ण जहाज भाड्याने घेतो आणि तिकिटे स्वतः विकतो. तिथे आपला करार जहाज कंपनीशी नसून संयोजकाशी असतो, रद्दीकरणाचे नियम त्याचे असतात आणि ते बहुधा अधिक कडक असतात, कारण जहाजाचे भाडे तो आधीच भरून बसलेला असतो. जाहीर झालेला कलाकार किंवा वक्ता ऐनवेळी आला नाही, तरी परतावा मिळत नाही, असे कलम त्यात हमखास असते. दोन प्रश्न जरूर विचारावेत: जहाज निश्चित झाले आहे का, आणि प्रवाशांचे पैसे वेगळ्या सुरक्षित खात्यात ठेवले जातात का. इस्तंबूलहून नोव्हेंबर २०२३ मध्ये निघणार असलेली तीन वर्षांची जगप्रदक्षिणा पहिल्या प्रश्नावरच बुडाली. जे जहाज घ्यायचे होते ते दुसऱ्याच कंपनीने विकत घेतले, निघण्याच्या तारखा पुढे पुढे गेल्या आणि अखेरीस सफर रद्द झाली, तोवर काहींनी आपली घरेही विकली किंवा भाड्याने दिली होती. त्यांना परताव्याचे आश्वासन मिळाले, तेही हप्त्यांनी. पुढच्याच वर्षी अशाच दीर्घ सफरीचे ‘व्हिला व्ही ओडिसी’ हे जहाज दुरुस्तीमुळे मे अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत बेलफास्टला अडकून पडले. ते शेवटी निघाले, हे खरे.

सातवी पायरी: चढणे, राहणे आणि हिशेब

जहाज ज्या शहरातून निघते, तिथे आदल्या दिवशीच पोहोचावे. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. धक्क्यावर मोठ्या बॅगा काढून घेतल्या जातात आणि केबिनमध्ये त्या काही तासांनी येतात, म्हणून औषधे, पासपोर्ट, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असावा. इस्त्री, पाण्याची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने जप्त होतात. घरी केलेले डबे बहुतेक ठिकाणी नाकारले जातात. बंद पाकिटातला चिवडा किंवा खाकरा सहसा चालतो. जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी. जहाजाचे सामान निघण्याआधीच भरलेले असल्याने समुद्रात गेल्यावर आचाऱ्याचे हात बांधलेले असतात.

आणीबाणीच्या कवायतीला टाळाटाळ करू नये. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. जहाजावरच्या अनेक प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

समुद्रावर मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण जहाजावरचे नेटवर्क साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. बंदरावर उतरताना जहाजाची वेळ आणि स्थानिक वेळ यांतला फरक विचारून घ्यावा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते, स्वतःच्या टॅक्सीला उशीर झाला तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपल्याला करावा लागतो.

जहाजावर रोख चालत नाही. सगळी खरेदी केबिनच्या कार्डावर चढते. अमेरिकी कंपन्यांत प्रत्येक माणसामागे रोजची बक्षिसी साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लागते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला आठवडाभरात पाचशे डॉलरच्या आसपास. त्याखेरीज पेये, इंटरनेट, छायाचित्रे आणि खास उपाहारगृहे वेगळी असतात. खाते रोज रात्री पाहावे आणि चूक असेल तर स्वागतकक्षाकडे त्याच दिवशी सांगावे. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे बाहेर काढून मगच त्या बंद कराव्यात. बिलाची छापील प्रत घेतल्याशिवाय खाली उतरू नये आणि परतीचे विमान दुपारनंतरचेच ठेवावे, कारण जहाज सकाळी सातला धक्क्याला लागले तरी इमिग्रेशनची रांग संपून बाहेर पडायला दहा-अकरा सहज वाजतात.